पीसी मध्येच हँग होतो म्हणजे ‘कचरा साठलाय’? हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

घरच्यांच्या, सोसायटीच्या, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो. कॉम्प्युटर चालता चालता दोन-चार सेकंद हँग होतो आणि परत सुरू होतो? म्हणजे आत कचरा साठलाय. दुकानात पैसे घालवू नका. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून वीस वेळा रिफ्रेश मारा. टेम्प आणि प्रीफेच फोल्डर रिकामे करा. एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवा. व्हर्च्युअल मेमरी रॅमच्या तिप्पट करा. रॅम क्लीनर, रजिस्ट्री क्लीनर टाका. डीफ्रॅग करा. तरीही अडकला तर व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. आणि शेवटी, सर्वांना पाठवा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल शंका नाही. पण यातले बहुतेक उपाय निरुपयोगी आहेत, काही घातक आहेत, आणि या खटाटोपात जो वेळ जातो त्या वेळात घराघरांतले लग्नाचे, बारशाचे फोटो कायमचे जातात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

मुळात निदानच चुकलंय. मशीन मंद असणं आणि मशीन क्षणभर ठप्प होणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मंद मशीनला सगळंच जड जातं: सुरू व्हायला, ब्राउझर उघडायला, फाइल सेव्ह करायला. हँग होणारा पीसी एरवी व्यवस्थित पळत असतो. तुम्ही वर्डमध्ये टाइप करत असता, अचानक अक्षरं उमटायची थांबतात, आणि चार सेकंदांनी सगळी एकदम येऊन पडतात. अक्षरं आली, म्हणजे तुम्ही दाबलेली बटणं आत पोचली होती. मधल्या काळात मशीन कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत थांबलं होतं. कुणाच्या, एवढंच शोधायचं असतं. साफसफाई करून ते कळत नाही.

रिफ्रेशचं एका ओळीत उरकतं. त्याने डेस्कटॉपवरच्या आयकॉनची यादी पुन्हा वाचून दाखवली जाते. रॅम मोकळी होत नाही, प्रोसेसरला आराम मिळत नाही. वीस वेळा मारलं तरी तेच.

टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फायलींचा फोल्डर, रिकामा करायला हरकत नाही. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर जागा झाल्याने फायदाही होतो, आणि विंडोज १० पासून ‘स्टोरेज सेन्स’ ते काम आपणहून करू शकतं. प्रीफेचचं मात्र उलटं आहे. कुठला प्रोग्राम उघडताना कुठल्या फायली लागतात याच्या नोंदी विंडोज तिथे ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी तो लवकर उघडावा. या नोंदी साठून साठून डोंगर होत नाही. विंडोज ८ पासून त्यांची कमाल संख्या १,०२४ ठरलेली आहे, जुन्या आपोआप जातात. त्या उडवल्या की प्रत्येक प्रोग्राम पुढच्या वेळी उलट उशिरा उघडतो.

एमएसकॉन्फिग हे विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवायचं साधन. त्यातली प्रोसेसरची चौकट संख्या वाढवण्यासाठी नाहीच. तिथे टिक नसते तेव्हा विंडोज सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, वापरत असतं. टिक करून आकडा निवडला की तेवढेच वापरायचे अशी मर्यादा पडते. सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांसाठी ती सोय आहे. आठ कोअरच्या मशीनवर कुणी भाबडेपणाने चार निवडले तर त्याने स्वतःच्याच हाताने मशीन अर्धं केलं.

व्हर्च्युअल मेमरीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. रॅम ४ जीबी, जुनी फिरती हार्ड डिस्क, आणि क्रोममध्ये पंचवीस टॅब, अशा मशीनवर रॅम खरोखर अपुरी पडते, विंडोज मजकूर डिस्कवर हलवत बसतं आणि पीसी अडकतो. पण त्यावर पेजफाइलचा, म्हणजे यासाठी डिस्कवर राखलेल्या जागेचा, आकडा तिप्पट करून काय होणार? मजकूर तरीही त्याच संथ डिस्कवर जाणार. तिथे रॅम वाढवावी, किंवा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवावी. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी’ उघडा. हँग होण्याच्या वेळी निम्मी रॅम मोकळी दिसत असेल, तर हा मुद्दा तुमच्यासाठी संपला.

रॅम क्लीनरबद्दल मात्र काहीच मान्य करण्यासारखं नाही. हे प्रोग्राम चालू सॉफ्टवेअरची पानं, म्हणजे त्याच्या मजकुराचे तुकडे, रॅममधून जबरदस्तीने बाहेर काढतात आणि ‘इतकी रॅम मोकळी केली’ असा आकडा दाखवतात. पुढच्याच क्षणी त्या सॉफ्टवेअरला ती पानं परत लागतात, ती परत आत आणावी लागतात, आणि जो अडथळा घालवायचा होता तोच नव्याने तयार होतो. रजिस्ट्री क्लीनर त्याहून वाईट. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची वही; तिच्यातल्या निरुपयोगी नोंदींमुळे पीसी चार सेकंद थांबत नाही. चुकीची नोंद उडाली तर मात्र प्रिंटर किंवा टॅली उघडायचं थांबू शकतं. अशी साधनं वापरण्याला आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे म्हटलेलं आहे.

आता डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे सलग लावणं. इथे मला थांबायचंय, कारण इथे नुकसान होतं.

व्हिस्टापासून विंडोज हे काम आपोआप, ठरावीक दिवशी करतं. डिस्क एसएसडी असेल तर अलीकडचं विंडोज सहसा डीफ्रॅगऐवजी तिला ट्रिमची, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली ते सांगणारी, सूचना पाठवतं. त्यामुळे निरोगी डिस्कवर हाताने डीफ्रॅग करायची गरजच नसते. आणि डिस्क आजारी असेल तर? मध्येच हँग होण्याचं घरोघरी आढळणारं कारण हेच असतं: हार्ड डिस्कचे काही सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचे छोटे कप्पे, वाचता येईनासे झालेले असतात. डिस्क असा सेक्टर एकदा वाचून सोडून देत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी कधी कित्येक सेकंद, आणि तोवर बाकी सगळे रांगेत उभे. विंडोज ठरावीक वेळ वाट पाहतं, मग डिस्कला रीसेट करतं. तेवढ्या वेळात माउसचा कर्सर फिरत राहतो, पण क्लिकला उत्तर मिळत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा न लुकलुकता एकसारखा पेटलेला असतो. अशा डिस्कवर डीफ्रॅग चालवणं म्हणजे तिच्यावरची शक्य तेवढी फाइल उचलायला लावणं, हलवायला लावणं, परत लिहायला लावणं. तीही शेवटच्या दिवसांत.

हे ओळखणं अवघड नाही, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. पीसी अडकला की घड्याळात वेळ पाहून लिहून ठेवा. टास्क मॅनेजर आधीपासून उघडा ठेवा आणि सुटल्यावर त्यात डिस्कचा आलेख बघा. वापर १०० टक्के आणि त्याच वेळी वाचन-लेखनाचा वेग ० केबी दिसत असेल, तर डिस्क कामात बुडालेली नाही, ती एका जागी अडकलेली आहे. मग स्टार्ट मेनूत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘सिस्टिम’ उघडा आणि तुम्ही लिहिलेल्या वेळेवर जा. तिथे ‘डिस्क’ या नावाने ७ क्रमांकाची नोंद असेल तर डिस्कवर खराब ब्लॉक सापडलाय. १५३ असेल तर वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. १२९ असेल (ही ‘डिस्क’ऐवजी ‘storahci’सारख्या ड्रायव्हरच्या नावाने येते) तर डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल-पिवळ्या खुणा निरोगी मशीनवरही ढिगाने असतात. त्यांनी घाबरू नका, हे तीन आकडे आणि तुमची वेळ जुळते का तेवढंच बघा.

पुढची पायरी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती तो दाखवतो. वरचा चौकोन निळा असला म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नका. खालच्या यादीत चार ओळी बघा. ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाच्या प्रतीक्षेत असलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. फिरत्या हार्ड डिस्कवर सी५ शून्याच्या वर असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डेटा बाहेर काढा.

चौथी ओळ सी७, आणि तिची बातमी चांगली असते. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये माहिती बिघडून पोचते तेव्हा हा आकडा वाढतो, आणि दोष बहुतेक वेळा साटा केबलचा निघतो. बाकीचे आकडे शून्य आणि सी७ वाढता, असं असेल तर शे-दीडशे रुपयांची केबल बदला. जुना आकडा खाली येत नाही, तो कायम राहतो; तो वाढायचा थांबला की काम झालं. चांगली डिस्क ‘गेली’ म्हणून बदलली जाते आणि नवीही त्याच सैल केबलला लावली जाते, असं होताना मी पाहिलंय. फार वाईट वाटतं.

ज्या मशीनवर डिस्क ठणठणीत आहे तिथेही हँग होतं, आणि कचऱ्याचा संबंध तिथेही नाही. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या अनेक मशीनवर विंडोज १० आणि ११ मध्ये सगळंच थोडा वेळ अडखळायचं. एएमडीने मार्च २०२२ मध्ये कारण जाहीर केलं: प्रोसेसरमधला एफटीपीएम हा सुरक्षेचा भाग मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी अधूनमधून लांबलचक देवाणघेवाण करत होता. उपाय होता नवं बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, आणि ते मे २०२२ पासून यायला लागलं. मशीन तेव्हाचं असेल आणि बायॉस कधीच बदललं नसेल तर हे आधी तपासा. मात्र बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर रिकव्हरी की लिहून घेतल्याशिवाय बायॉसला हात लावू नका. त्याआधीचं उदाहरण क्रुशलच्या एम४ एसएसडीचं. एकूण ५,१८४ तास चालून झाले की ती उत्तर देणं बंद करायची. बंद करून चालू केली की परत यायची, आणि मग तासाभराने पुन्हा तेच. जानेवारी २०१२ मध्ये नवं फर्मवेअर, म्हणजे एसएसडीच्या आतलं सॉफ्टवेअर, आलं आणि दोष गेला. ती एसएसडी कुणी रोज टेम्प फोल्डर झाडून बरी केली असती का?

कर्सरसकट सगळं थिजत असेल आणि गाण्याचा आवाज एकाच जागी र्रर्र करत असेल, तर संशय ड्रायव्हरवर किंवा हार्डवेअरवर घ्यावा. आणि नुसता कर्सरच अडकत असेल तर आधी एक व्हिडिओ लावून बघा. व्हिडिओ सुरळीत चालतोय आणि फक्त माउस अडखळतोय, तर पीसी हँग होतच नाहीये. वायरलेस माउसचा डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टजवळ, शेजारी पोर्टेबल डिस्क लावलेली, असं दृश्य असेल तर तेच कारण समजा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या माउसला त्रास देतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये लिहून ठेवलंय. डोंगल कॅबिनेटच्या समोरच्या बाजूच्या, त्या डिस्कपासून लांबच्या पोर्टला लावा.

व्हायरस असू शकतो का? असू शकतो, पण तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टो खणणारा प्रोग्राम चार सेकंद येऊन जात नाही, तो प्रोसेसर सतत राबवतो आणि पंखा ओरडत राहतो. विंडोज डिफेंडरचं पूर्ण स्कॅन करा आणि विषय मिटवा. दोन-दोन अँटिव्हायरस टाकलेले असतील तर एक काढा. दोघं एकच फाइल एकदमच तपासायला धरतात, हेही अडकण्याचं कारण असतं.

राहिलं फॉरमॅट. ‘आमचा तर फॉरमॅट केल्यावर बरा झाला’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. क्विक फॉरमॅटमध्ये डिस्कवरची नुसती फायलींची सूची नवी होते, सेक्टर तपासले जात नाहीत. त्यानंतर विंडोजच्या फायली वेगळ्या जागी पडतात, खराब जागा काही आठवडे कुणी वाचतच नाही, म्हणून पीसी छान चालतो. पूर्ण फॉरमॅट असेल तर व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. त्या वेळी डिस्क वाचता न येणाऱ्या सेक्टरांना बदली देऊन टाकते आणि सी५ चा आकडा शून्यावर येतो. वरवर आजार गेला. डिस्क तीच, तिचा पृष्ठभाग तोच, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन तोच पीसी पुन्हा फॉरमॅटला येतो. कधी तरी तो सुरूच होत नाही.

आणि अशा वेळी घरातून ठरलेलं उत्तर येतं: ‘काळजी नाही, फोटो डी ड्राइव्हवर आहेत.’ हा समज मला त्या अख्ख्या मेसेजपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. बहुतेक घरगुती पीसींमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. कुठलाही उपाय करण्याआधी, अगदी विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवण्याआधीसुद्धा, बाहेरची डिस्क लावा आणि ज्याच्यावाचून चालणार नाही ते आधी कॉपी करा: फोटो, घराची कागदपत्रं, टॅलीचा डेटा. सिनेमे शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडून बसली तर तिच्याशी झगडू नका, ती सोडून पुढची घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तेवढंही करू नका, मशीन बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे न्या. कॉपी झाल्यावर बाहेरची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून वेगवेगळ्या फोल्डरमधले फोटो उघडून बघा. ते उघडले, की मग खुशाल फॉरमॅट मारा.