आधी ऐका, मग पार्ट बदला

गाडी तापते म्हणून वर्कशॉपमध्ये नेली की तिथला अॅडव्हायझर पहिला प्रश्न काय विचारतो? "सर, किती किलोमीटर झालेत?" बस्स. कधी तापते, कुठे तापते, उभी असताना की पळताना, एसी चालू असताना की बंद, आवाज नेमका कुठून येतो, यातलं एक अक्षर नाही. किलोमीटरचा आकडा टॅबमध्ये टाकला की काय काय बदलायचं ते टॅबच सांगतो. मग तुम्हाला तिथे टी-शर्ट घालून उभं कशाला केलंय?

माझ्या गाडीचं दुखणं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्यापासून पातलीपाड्यापर्यंत जी रोजची रांग लागते, त्या रांगेत गाडी तापायची. कंटेनर, डंपर, बसेस, मध्ये घुसणाऱ्या रिक्षा, आणि सगळे पहिल्या गिअरवर रखडत. तिथे टेंपरेचर चढायचं, एसी गरम हवा फेकायला लागायचा. तीच गाडी नाशिक हायवेला पडघ्याच्या पुढे मोकळी सुटली की सगळं शांत. टेंपरेचर खाली, एसी गारेगार. यापेक्षा स्पष्ट गाडीने काय बोलायचं? चिठ्ठी लिहून द्यायची का?

टेंपरेचर मला कळत होतं ते मी स्वतः खर्च करून स्टिअरिंगखाली डोंगल लावला म्हणून, गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवतो तो. कंपन्यांनी टेंपरेचरचा काटाच काढून टाकलाय बऱ्याच गाड्यांतून. गार असताना निळा दिवा, उकळल्यावर लाल दिवा, मधल्या काळात देवावर भरवसा. सनरूफला पैसे आहेत, टचस्क्रीनला आहेत, काट्याला नाहीत. डोंगलवर दिसायचं: हायवेला ९० अंशांच्या आसपास, वाघबीळच्या सिग्नलला १०५ च्या पुढे. हे आकडे मी मोबाइलवर उघडून दाखवले. "सर, बाहेरच्या अॅपवर आम्ही जात नाही." बरं, मग कशावर जाता?

आणि तो आवाज. पुढून, रेडिएटरच्या बाजूने, पत्र्याच्या डब्यात खडी घोळवल्यासारखा खर्रर्र. थोडा वेळ यायचा, थांबायचा, परत यायचा. अॅक्सिलरेटर दाबला तरी त्यात काडीचा फरक नाही. आता बेल्टचा किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगचा आवाज असता तर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढला-उतरला असता, कारण ती मंडळी इंजिनावरच फिरतात. पंप जाताना बहुतेक वेळा खालून कूलंटही (इंजिन गार ठेवणारं द्रव) ठिबकतो. माझ्या पार्किंगची फरशी कोरडी ठणठणीत. हेही सांगितलं. अॅडव्हायझरने मान डोलावली आणि जॉब कार्डवर काय लिहिलं? "ओव्हरहीटिंग, नॉइज. चेक अँड अॅडव्हाइस." माझं एवढं पुराण, त्यातून हे पाच शब्द उरले. आत मेकॅनिकच्या हातात जातं ते हे कार्ड. त्याच्याशी बोलायला मला आत सोडत नाहीत, "सेफ्टी पॉलिसी आहे सर". मी काचेपलीकडे मशीनचा चहा पीत बसायचं.

मग सुरू झाली वरात. आधी म्हणे एसीचा गॅस कमी आहे. भरला. रांगेत एसी पुन्हा गरम. मग थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, अडकलाय. अहो, थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला तर पाणी रेडिएटरकडे जाणारच नाही, गाडी हायवेलाही उकळेल! बदलला. मग रेडिएटर चोकअप, म्हणजे आतून तुंबलाय. चोक रेडिएटर सगळ्यात आधी कुठे बोंबलतो? जिथे इंजिनाला ताकद लावावी लागते तिथे, घाटात, भरल्या गाडीने, वेगात. कसारा घाट माझी गाडी चार माणसं आणि सामान घेऊन हसत चढते. तरी रेडिएटर बदलला, कारण "सर, वॉरंटी क्लेम होणार नाही, पण रिस्क कशाला घ्यायची?" आवाजासाठी बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर, तो वेगळा हिशेब. आणि एवढं करूनही गाडी तापली, तेव्हा अॅडव्हायझर आवाज हळू करून, दवाखान्यात सांगतात तसं: "हेड गॅस्केट असू शकतं. इंजिन खोलावं लागेल."

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील! ऑइलची कॅप उघडून आत दुधाळ फेस आहे का पाहिलं का कुणी? कूलंटमध्ये बुडबुडे येतात का, सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतो का, कूलंट कमी होतोय का? काहीच नाही. खोला म्हणे इंजिन.

तपासणी कशी करतात तेही ऐका. सकाळी, बॉनेट उघडं टाकून, सावलीत गाडी चालू करायची, स्कॅनर लावायचा, "नो फॉल्ट कोड" आलं की बंद. अरे, साध्या गाड्यांत कॉम्प्युटर रेडिएटरच्या पंख्याच्या रिलेला, म्हणजे स्विचला, फक्त हुकूम सोडतो. पंखा खरोखर फिरला की नाही, हे त्याला कळायची सोय बऱ्याचदा नसतेच. ते बघायला डोळे लागतात. माणसाचे.

यात सोसायटीतले सल्लागार वेगळेच. एका काकांनी गेटवर थांबवून सांगितलं, तापली की गार पाणी ओतायचं, आम्ही हेच करायचो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं दाबाखालचं पाणी थेट तोंडावर. काकांना नमस्कार केला आणि निघालो.

शेवटी कोळशेत रोडच्या एका वायरमनकडे गेलो. टपरीएवढं दुकान, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग. त्याने गाडीत पाऊलही टाकलं नाही. म्हणाला, "साहेब, एसी लावा." स्वतः बॉनेटसमोर उभा राहिला. एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरायलाच हवा. तो जरा थरथरला आणि थांबला. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर दोन टिचक्या मारल्या, आणि पंखा खर्रर्र करत सुरू झाला. तोच आवाज! मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले, दांडा धरणारा बुश गेलेला. गाडी पळते तेव्हा वाऱ्यानेच रेडिएटर गार होतो, रांगेत वारा नसतो म्हणून पंखा लागतो, आणि एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर त्याच पंख्यापुढे बसलेला. तापणं, गरम एसी, आवाज, तिन्ही तक्रारींचं मूळ ती एक मोटर. मोटर बदलल्यावर पातलीपाड्याच्या रांगेतही डोंगल ९७-९८ च्या वर जात नाही, पंखा लागतो, आकडा खाली येतो.

हे सगळं वर्कशॉपला जाऊन सांगितलं, बिलं टेबलावर ठेवली. उत्तर? "सर, रेडिएटर तसाही जुना झाला होता, बदलला ते चांगलंच झालं ना." माझे जुने पार्ट परत द्या म्हटलं, तर ते स्क्रॅपला गेले. कुणाला विचारून गेले? "सर, तुम्ही जॉब कार्डवर सही केलीय." खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं ते.

आणि यांची हिंमत बघा. संध्याकाळी त्याच अॅडव्हायझरचा फोन. "सर, कंपनीकडून फीडबॅक कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात." म्हटलं, देतो की दहा. माझा जुना रेडिएटर आणून दाखव, त्यात चोकअप कुठे होतं तेवढं बोट ठेवून सांग, आणि घे दहा. फोन कट.