टपाल-टेलिफोनच्या जुन्या कायद्यांवरचा तो मेसेज कुठं चुकतो

कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांच्या, तालमींच्या, शाळासोबत्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: "इंग्रजांच्या कायद्याआधी टपाल खासगी होतं आणि स्वस्त होतं. सरकारनं ते हिसकावलं, पत्र महाग झालं. पाहुण्याच्या हाती चिठ्ठी देणंसुद्धा गुन्हा ठरलं. टेलिफोन खासगी कंपन्यांनी आणला, सरकारनं तो गिळला आणि लोकांना वर्षानुवर्षं वेटिंगवर ठेवलं. अमेरिकेत सरकारनं कधी हात घातला नाही, म्हणून तिथं घरोघरी फोन पोचला. आता 2023 मध्ये जुने कायदे गेले आणि आपण मोकळे झालो." आणि शेवटी ठळक अक्षरांत: "नियमन म्हणजे लूट."

हा मेसेज पुढं पाठवणाऱ्यांचा राग मला समजतो. ज्यांनी फोनसाठी अर्ज भरून वाट पाहिली, त्यांना तो राग येणारच. पण या कायद्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या: सेवा कुणी चालवायची, तिचे दर आणि अटी कुणी ठरवायच्या, आणि लोकांचं पत्र उघडायचा किंवा फोन ऐकायचा अधिकार कुणाला. मेसेज तिन्हींची एकच मोट बांधतो. त्यामुळं ज्या कलमावर खरोखर चिडायला हवं, तेच सुटून जातं.

पहिला दावा: टपाल खासगी होतं, स्वस्त होतं.

कुणासाठी होतं? मराठेशाहीत जासूद धावायचे ते दरबारचे कागद घेऊन. सावकार-पेढीवाल्यांनी आपल्या हुंड्यांसाठी आपली माणसं ठेवलेली असायची. ज्याच्याकडं माणूस ठेवायची ऐपत, त्याचं टपाल. राधानगरीच्या शेतकऱ्यानं मुंबईला गेलेल्या भावाला चार ओळी लिहायच्या, तर त्याच्यासाठी यातलं काहीच नव्हतं.

पुढं 1837 च्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं आपल्या मुलखात पैसे घेऊन पत्रं वाहून नेण्याची मक्तेदारी स्वतःकडं घेतली. इथवर मेसेज बरोबर आहे. दरही जबर होते. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचं पत्र पाठवायला एक रुपया, आग्र्याला बारा आणे. अंतर वाढलं की दर वाढणार. कंपनीच्या अधिकाऱ्यांची कितीतरी पत्रं मात्र फुकट जायची आणि त्या फुकट टपालाचा भार पैसे भरणाऱ्यांवर पडायचा. ही लूटच होती, त्याबद्दल माझा वाद नाही.

मेसेज तिथंच थांबतो आणि खरी गोष्ट तर तिथून पुढं सुरू होते. 1850 मध्ये टपालाच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि त्याच्या शिफारशींवर 1854 चा कायदा आला. त्यानं अंतराचा हिशेबच मोडीत काढला. देशात कुठूनही कुठंही, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. एक तोळ्याला दोन आणे. म्हणजे कलकत्ता-मुंबईचं तेच पत्र एका झटक्यात आठव्या हिश्श्यावर आलं. अधिकाऱ्यांची फुकटेगिरी जवळजवळ बंद झाली आणि 1 ऑक्टोबर 1854 पासून देशभर चालणारं तिकीट निघालं. म्हणजे मक्तेदारी कायद्यानंच आली आणि स्वस्ताईही कायद्यानंच आली, पण दोन्हींमध्ये सतरा वर्षांचं अंतर आहे. 1854 मध्ये मक्तेदारी होती तशीच राहिली. बदलला तो दराचा नियम, आणि त्या नियमानं सामान्य माणसाचं भलं झालं.

मग मक्तेदारी ठेवायचीच कशाला, असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर आपल्याकडच्या रस्त्यांवर रोज दिसतं. वडापवाला, म्हणजे खासगी प्रवासी जीपवाला, गाडी फिरवतो ती भरणाऱ्या रस्त्यावर, गगनबावड्याच्या शेवटच्या वाडीला एसटीच जाते. टपालात तेच. सगळीकडं एकच दर ठेवायचा, तर मुंबई-पुण्याच्या भरगच्च थैल्यांच्या कमाईवर चंदगड-आजऱ्याच्या हलक्या थैल्या ओढाव्या लागतात. भरलेले मार्ग दुसऱ्या कुणी उचलले, की डोंगरातल्या पत्राचा दर चढतो किंवा पत्र जाणंच थांबतं. मक्तेदारी कायमची असावी असं माझं म्हणणं नाही. पण तेव्हा ती कशासाठी वापरली गेली, हे न सांगता तिला शिव्या घालणं अन्यायाचं आहे.

आपल्या मराठी संस्थानांतला एक दाखला इथं उपयोगी पडतो. कोल्हापूर संस्थानानं टपालाची स्वतःची तिकिटं काढली नाहीत. भोर संस्थानानं 1879 मध्ये काढली. संग्राहक आज ती जपून ठेवतात, पण ती चालायची भोरच्या हद्दीत. त्याच 1879 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्यानं पाव आण्याचं पोस्टकार्ड काढलं आणि ते देशभर चालायचं. 1880 मध्ये मनीऑर्डरचं काम टपाल खात्याकडं आलं. आजरा, भुदरगड, चंदगड या भागांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांच्या घरची चूल पिढ्यान् पिढ्या या मनीऑर्डरीवर पेटली. पोस्टमन नोटा मोजून म्हातारीच्या हातात द्यायचा आणि अंगठा घ्यायचा. "सरकारनं वाटोळं केलं" असं लिहिताना ही माणसं आठवायला हवीत.

दुसरा दावा: पाहुण्याच्या हाती चिठ्ठी देणं गुन्हा ठरलं.

साफ खोटं. 1898 च्या भारतीय टपाल कायद्याचं चौथं कलम मक्तेदारी सांगतं आणि त्याच कलमात अपवादही सांगतं. गावाला निघालेल्या ओळखीच्या माणसानं मोबदला न घेता नेलेलं पत्र चालतं. स्वतःच्या कामासाठी मुद्दाम पाठवलेल्या माणसाच्या हातचं पत्र चालतं. मालाबरोबर, त्या मालापुरतं जाणारं पत्रही चालतं. शिवाय मक्तेदारी होती ती फक्त पत्रांची, पार्सलची नव्हे. हुपरीचे चांदीचे दागिने आंगडियाकडून, म्हणजे खासगी कुरिअरवाल्याकडून गेले तर त्यात टपाल कायद्याचा भंग होत नव्हता.

तिसरा दावा: टेलिफोन खासगी कंपन्यांनी आणला आणि सरकारनं गिळला.

क्रम नीट लावू. 1880 मध्ये ओरिएंटल टेलिफोन आणि अँग्लो-इंडियन टेलिफोन या दोन कंपन्यांनी सरकारकडं परवानगी मागितली. सरकारनं नाही म्हटलं, कारण हे काम आपणच करणार असा त्याचा पवित्रा होता. वर्षभरात सरकारनं माघार घेतली आणि 1881 मध्ये ओरिएंटलला परवाना दिला. 28 जानेवारी 1882 रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथली एक्स्चेंज सुरू झाल्याचं जाहीर झालं. कलकत्त्याच्या एक्स्चेंजला तेव्हा 93 ग्राहक होते. म्हणजे खासगी टेलिफोन या देशात पहिल्या दिवसापासून सरकारी परवान्यावर चालला. 1885 च्या तार कायद्यानं हीच रीत पक्की केली: मूळ हक्क सरकारचा आणि परवाना देण्याचा अधिकारही सरकारचा.

"गिळला" म्हणायचं तर मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या कंपन्या सरकारनं विकत घेतल्या 1943 मध्ये. तोवर साठ वर्षं त्या खासगीच होत्या. या साठ वर्षांत त्यांचा धंदा राहिला मोठ्या शहरांत आणि बंदरांत. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साऱ्या देशात फोन होते 80 हजारांच्या आसपास. घरोघरी पोचू पाहणारा फोन सरकारनं अडवला, हे चित्र या आकड्यात बसत नाही.

चौथा दावा वेटिंगचा. याबाबत मी मेसेजच्या बाजूनं आहे, फक्त कारण वेगळं सांगेन.

शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याला सौदा निघण्याआधी गुजरातचा भाव हवा असायचा. ट्रंक कॉल, म्हणजे एक्स्चेंजमार्फत बाहेरगावचा फोन, लावून तासन् तास बसायचं. साधा लागत नाही म्हणून अर्जंट, तोही लागत नाही म्हणून कितीतरी पट पैसे मोजून लाइटनिंग. घरी फोन नसलेले शेजाऱ्याचा नंबर 'पीपी' म्हणून लग्नपत्रिकेवर छापायचे. ओवायटी ('ओन युवर टेलिफोन') योजनेत आधी मोठी रक्कम भरली तर नंबर लवकर लागायचा, म्हणजे पैसेवाल्यालाच. हे सगळं चीड आणणारं होतं.

पण याला 'नियमन' म्हणता येत नाही. तेव्हा फोन चालवणारं खातं, दर ठरवणारं खातं, परवाना देणारं खातं आणि तक्रार ऐकणारं खातं एकच होतं. मालक आणि पंच एकाच खुर्चीत. बाहेरून कुणी जाब विचारणारं नव्हतं, म्हणून वेटिंग साचलं. स्वतंत्र पंच आला तो ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या रूपानं, 1997 मध्ये. मोबाइलवर येणाऱ्या कॉलचेही पैसे पडायचे, आठवतं? मे 2003 पासून येणारा कॉल फुकट झाला तो ट्रायच्या नियमनामुळं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय जानेवारी 2011 मध्ये देशभर मिळाली, तीही कायदा-नियमांच्या जोरावर. कुठल्याही कंपनीनं ती आपणहून देऊ केली नव्हती. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कॉल लागतो, त्यामागंही जोडणी देण्याची सक्तीच आहे. 'नियमन म्हणजे लूट' हा मेसेज ज्या फोनवरून पुढं जातो, तो याच नियमांवर चालतो.

पाचवा दावा: अमेरिकेत सरकारनं हात घातला नाही.

अमेरिकेतही पत्रांची मक्तेदारी सरकारी टपाल खात्याकडंच होती. 1844 मध्ये लायसँडर स्पूनर यांनी खासगी टपाल कंपनी काढली आणि सरकारी दराला आव्हान दिलं. पुढच्याच वर्षी संसदेनं खासगी टपालाची नाकेबंदी केली आणि सोबत सरकारी दरही उतरवले. स्पर्धेच्या भीतीनं दर उतरले, हा मुद्दा मेसेजवाल्यांना वापरता आला असता.

टेलिफोनचं म्हणाल, तर टेलिफोनचे जनक बेल यांची मूळ पेटंटं 1893-94 मध्ये संपली आणि गावोगावी स्वतंत्र कंपन्या उगवल्या. फोन वेगानं पसरले, हे खरं. पण एका कंपनीचा ग्राहक त्याच शहरातल्या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलू शकत नव्हता. दुकानदाराला दोन-दोन फोन ठेवावे लागायचे. 1913 मध्ये सरकारी खटल्याच्या दडपणाखाली बेल यांच्या कंपनीतूनच वाढलेल्या एटी अँड टी कंपनीनं लेखी कबूल केलं, की स्वतंत्र कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारा जोडू देऊ. ऑगस्ट 1918 पासून वर्षभर तर अमेरिकेचा टेलिफोन थेट पोस्टमास्टर जनरलच्या ताब्यात होता आणि त्या काळात दर वाढले. सरकारी ताबा वाईट ठरू शकतो याचा हा पुरावा आहे. "हात घातलाच नाही" याचा मात्र नाही.

राहिला शेवटचा दावा, की 2023 मध्ये आपण मोकळे झालो. हा सगळ्यांत घातक आहे.

1898 च्या टपाल कायद्याचं 26 वं कलम सरकारला पत्र अडवण्याचा अधिकार देत होतं. 1885 च्या तार कायद्याचं 5 वं कलम संदेश अडवण्याचा. परक्या सरकारनं प्रजेवर नजर ठेवायला बनवलेली ही कलमं स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिली. 1986 मध्ये टपालाचं कलम आणखी रुंद करणारं विधेयक संसदेनं मंजूर केलं, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. फोनबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1996 मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात अटी घातल्या: आदेश गृहसचिवाच्या पातळीवरचा हवा, मुदत दोन महिन्यांची, वाढवत नेली तरी एकूण सहा महिने, आणि वर फेरतपासणीची समिती.

2023 चा टपाल कायदा जून 2024 मध्ये लागू झाला. त्यातून गेली ती पत्रांची मक्तेदारी. म्हणजे मेसेजचा सगळा राग जिच्यावर आहे, ती. पत्र किंवा पार्सल अडवून उघडण्याचा अधिकार नवव्या कलमात कायम आहे, आणि त्याची कारणं 1898 पेक्षा जास्त आहेत. राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षा, इतकंच नव्हे तर कुठल्याही कायद्याचा भंग. 2023 च्याच नव्या दूरसंचार कायद्याच्या विसाव्या कलमातही संदेश अडवण्याची तरतूद आहेच.

फोनसाठी 1996 मध्ये न्यायालयानं घातलेल्या अटी टपालाच्या नवव्या कलमात नाहीत. आदेश कोणत्या पातळीवरचा, मुदत किती, तपासणार कोण, हे कायद्याच्या मजकुरातच यायला हवं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आपल्या दोन्ही खासदारांकडे ही मागणी लेखी करता येते. त्यासाठी मेसेज लिहायचा असेल, तर तो मी स्वतः प्रत्येक ग्रुपवर टाकीन.