गाव विचारायचं सुटलं तेव्हा

सलाईन लावताना पेशंटला "गाव कोणतं तुमचं?" विचारायची माझी जुनी सवय. सुई टोचेपर्यंत माणूस मनानं गावी पोचलेला असतो. हात सैल पडतो, वेन पटकन सापडते. १९ वर्षं नर्सिंगमध्ये आहे, ही युक्ती कुठल्या पुस्तकात नव्हती.

काही वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डातल्या मावशी लादी पुसता पुसता म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही हल्ली गाव नाही विचारत."

मी हसून टाळलं. वेळ कुठंय, मावशी? घरी येऊन आठवून पाहिलं, तर खरंच की. कधी सुटलं तेही कळलं नव्हतं. त्याच आठवड्यात एका आजोबांच्या मुलीवर खेकसले होते, "एकदा सांगितलं ना!" बिचारीनं दुसऱ्यांदाच विचारलं होतं. ऑफच्या दिवशीसुद्धा डोक्यात पुढची नाइटच घोळायची. मला वाटायचं, थकवा आहे, झोप झाली की जाईल. झोप व्हायची, तो जायचा नाही.

नुकतंच आमच्याकडे बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या ताणानं माणूस आतून पिळून निघतो त्यावर, ट्रेनिंग झालं. दोन तास. प्राणायाम, सकारात्मक विचार, मग समोसा. प्राणायामाशी माझं भांडण नाही, मीही करते. पण खूण कशी ओळखायची, हे कुणी बोललंच नाही. ख्रिस्तिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्येच त्यासाठी प्रश्नावली तयार केली. त्यात तीन गोष्टी बघतात: मन आटून जाणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. पहिली आपल्याला स्वतःला जाणवते. दुसरी मात्र आधी शेजारच्याला दिसते, आपल्याला नाही. म्हणून "स्वतःकडे लक्ष द्या" एवढं सांगून भागत नाही. ओव्हर घेताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती घेताना, समोरची सिस्टर पेशंटबद्दल कशी बोलते, हे ऐकायला शिकवा. गप्पिष्ट मुलगी जेवणाच्या सुट्टीत एकटी बसायला लागली, चिडका डॉक्टर एकाएकी चिडेनासा झाला (हे जास्त वाईट!), तर कुणी, कसं आणि कुठं विचारायचं ते शिकवा. चार जणांसमोर "काय गं, डिप्रेशन आलंय का?" म्हणणारे आमच्यात कमी नाहीत.

आणि विचारल्यावर पुढे काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्पष्ट केलं की बर्नआउट हा आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या सततच्या, न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे. म्हणजे दुखणं माझ्यात दिसत असलं तरी मूळ ड्युटी लिस्टमध्ये आहे. निवासी डॉक्टरांना सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी देऊ नये, असं केंद्र सरकारनं १९९२ मध्येच सांगितलंय. कुठल्याही रेसिडेंटला विचारा, हसेल. इन्चार्ज सिस्टरला खूण ओळखता आली, पण लागोपाठच्या नाइट तोडायचा अधिकार नसला, तर ती बापडी करणार काय? माझं नशीब की आमच्या इन्चार्जनी स्वतःच्या जबाबदारीवर माझी ड्युटी बदलली. दोनेक महिन्यांनी तोंडातून आपोआप "गाव कोणतं?" निघालं. आजी म्हणाल्या, "माहेरचं सांगू का सासरचं?"

जाता जाता एक. त्या ट्रेनिंगला मावशींनाही बसवा, असं मी ऑफिसात जाऊन सांगितलं होतं. उत्तर आलं, यादीत फक्त नर्सिंग स्टाफ आहे.