कॉम्पॅक्ट फ्लॅगशिप म्हणजे ‘अर्धा फोन’? एकेक मुद्दा तपासून बघू

ग्रुपवर कुणी नवा मोबाइल घ्यायचा म्हणून सल्ला विचारला आणि गॅलेक्सी एस२५ किंवा वनप्लस १३एस असं एखादं नाव घेतलं, की एक फॉरवर्ड हमखास येतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: कॉम्पॅक्ट फ्लॅगशिप (कंपनीचा वरच्या दर्जाचा, पण आकाराने लहान फोन) म्हणजे पूर्ण पैशात अर्धा फोन. बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. स्क्रीन फक्त फुल एचडी. प्रोसेसर नावाला फ्लॅगशिप, फोन तापला की मंदावतो. कॅमेरे काढून घेतलेले. आणि आकाराचा फायदा शून्य, कारण खिशात सगळेच फोन मावतात. शेवटी ठपका, की म्हणूनच असे फोन कुणी घेत नाही.

हा मजकूर वाचून लोक साठ-सत्तर-ऐंशी हजारांचे निर्णय फिरवतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्यातलं सगळंच खोटं नाही. पण फोन लहान असणं वेगळं आणि कंपनीने लहान मॉडेलच्या बाबतीत हात आखडता घेणं वेगळं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने या दोन गोष्टींची सरमिसळ करून सगळा दोष आकाराच्या माथी मारला आहे.

सुरुवात खिशापासून करू, कारण तिथली चूक सगळ्यात ढोबळ आहे. फोन मोठा की लहान हे आपण स्क्रीनच्या इंचांवरून ठरवतो. ते इंच म्हणजे तिरपं माप, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. हाताला जाणवते ती रुंदी. २०१४ चा आयफोन ६ प्लस आठवा. स्क्रीन ५.५ इंच, पण फोनची रुंदी ७७.८ मिमी आणि उंची १५८.१ मिमी. गॅलेक्सी एस२५ ची स्क्रीन ६.२ इंच, तरी रुंदी ७०.५ आणि उंची १४६.९ मिमी. क्षेत्रफळ काढलं तर एस२५ ची स्क्रीन सुमारे ९४ चौरस सेंमी भरते आणि ६ प्लसची ८३ च्या आसपास. म्हणजे फोन लहान झाला आणि स्क्रीन वाढली. कडा बारीक झाल्या, होम बटण गेलं, स्क्रीन उंच झाली, त्याचा हा परिणाम. ‘लहान फोन म्हणजे लहान स्क्रीन’ हे समीकरण दहा वर्षांपूर्वीचं आहे.

आता त्याच घरातला एस२५ अल्ट्रा घ्या: रुंदी ७७.६ मिमी, वजन २१८ ग्रॅम. एस२५ चं वजन १६२. सात मिलिमीटर आणि छप्पन्न ग्रॅम, ऐकायला किरकोळ वाटतं. दुकानात दोन्ही फोन आळीपाळीने उजव्या हातात धरा, खालची कड तळव्यात टेकवा आणि करंगळीचा आधार न देता अंगठा वरच्या डाव्या कोपऱ्याकडे न्या. रुंद फोनवर अंगठा अर्ध्यात अडतो, मग बोटं मागून सरकवून फोन पुढे ढकलावा लागतो आणि नेमक्या त्या क्षणी पकड सुटते. डोंबिवलीच्या गर्दीत एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात फोन, अशा माणसाने वरून नोटिफिकेशन ओढून ओटीपी बघायचा असेल, तर हे सात मिलिमीटर दिवसातून पन्नास वेळा आडवे येतात. बाईच्या कुर्त्याच्या खिशात, शर्टाच्या वरच्या खिशात, सायकल चालवताना पॅंटच्या पुढच्या खिशात काय होतं, हे ज्याने मोठा फोन वापरला आहे त्याला सांगायची गरज नाही. मावणं आणि बाळगणं यात फरक आहे.

एका बाबतीत मात्र कमी रुंदीचा खरा तोटा होतो आणि इंग्रजी परीक्षणांत तो कधी येत नाही. मराठी कीबोर्डवर अक्षरांची गर्दी जास्त असते, त्यामुळे कळा आधीच अरुंद असतात. स्क्रीन सहा-सात मिलिमीटरने आक्रसली, की प्रत्येक कळेचा अर्ध्या मिलिमीटरहून अधिक भाग जातो. ज्यांची बोटं जाड आहेत आणि जे दिवसभर देवनागरीत टाइप करतात, त्यांना हे जाणवेल. तसंच चाळिशी लागलेल्यांनी अक्षर मोठं केलं, की लहान स्क्रीनवर ओळी लवकर तुटतात. अशांना मोठा फोन घ्या असंच मी सांगेन.

आता बॅटरी. फॉरवर्डमधला हा सगळ्यात जोरदार मुद्दा आणि लहान फोनांच्या बॅटरीची बदनामी कुठून आली तेही उघड आहे. २०२० च्या आयफोन १२ मिनीला ॲपलने स्वतःच १५ तास व्हिडिओची मुदत दिली होती, १२ प्रो मॅक्सला २०. तेव्हापासून ‘लहान म्हणजे चार्जर जवळ ठेवा’ हे डोक्यात बसलं. पण फोनमध्ये वीज खाणाऱ्या मोठ्या भागांपैकी एक स्क्रीन असते आणि तिची भूक क्षेत्रफळाप्रमाणे बदलते. एस२५ मध्ये ४००० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप), अल्ट्रामध्ये ५०००. म्हणजे लहान फोनची बॅटरी मोठ्याच्या ८० टक्के. स्क्रीनचं क्षेत्रफळ? ६.२ आणि ६.९ इंचांचा वर्ग करून भागाकार केला, तर साधारण ८१ टक्के. बॅटरी जितकी घटली, जवळपास तितकीच स्क्रीनही घटली. शिवाय अल्ट्राच्या स्क्रीनवर पिक्सेल जास्त. तेव्हा नुसते एमएएच शेजारी शेजारी ठेवून ‘हजार कमी’ म्हणणं ही तुलनाच चुकीची.

हिशोब इथे संपत नाही, कारण प्रोसेसर आणि मॉडेम (फोनला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) स्क्रीनप्रमाणे लहान होत नाहीत. रेंज कमी असली की मॉडेम जोर लावतो आणि तो दोन्ही फोनांत सारखाच जोर लावतो. कसाऱ्याच्या घाटातून रोज ये-जा करणाऱ्याची, किंवा दिवसभर हॉटस्पॉट चालू ठेवणाऱ्याची ४००० एमएएच बॅटरी ५००० वाल्याच्या आधी संपणार, यात शंका नाही. एवढा भाग फॉरवर्डवाल्याला दिला.

पण ४००० हा आकडा काही निसर्गाने ठरवलेला नाही. वनप्लस १३एस, जून २०२५ मध्ये भारतात आलेला, ६.३२ इंचांचा, १८५ ग्रॅमचा फोन. त्यात ५८५० एमएएच आहेत. त्याच कंपनीच्या ६.८२ इंची वनप्लस १३ मध्ये ६०००. स्क्रीन चौदा टक्क्यांनी लहान आणि बॅटरी अडीच टक्क्यांनी. हे जमलं सिलिकॉन-कार्बन बॅटरीमुळे. नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं, ते एका ग्रॅममागे ३७२ एमएएच धरू शकतं. सिलिकॉनची क्षमता त्याच्या सुमारे दहापट. अडचण एकच, चार्ज होताना सिलिकॉन आकारमानाने तिपटीहून जास्त फुगतं आणि चार्जिंगच्या फेऱ्यांनी त्याला तडे जातात. म्हणून ते कार्बनच्या जाळीत, थोड्या प्रमाणात मिसळतात. तेवढ्यानेही तेवढ्याच जागेत लक्षणीय जास्त वीज बसते. सॅमसंगने एस२५ मध्ये ही बॅटरी वापरलेली नाही. तो सावधपणा असेल, पण तो कंपनीचा निर्णय आहे. त्याचं खापर ६.२ इंचांवर फोडता येणार नाही. एस२५ ला २५ वॉटचं चार्जिंग आणि त्याच वेळी आलेल्या एस२५ प्लसला ४५ वॉटचं, हाही निर्णयच आणि माझ्या मते न पटणारा. वनप्लसचा तेवढाच फोन ८० वॉटने चार्ज होतो, म्हणजे जागेची सबब चालत नाही.

स्क्रीनच्या दर्जाचा मुद्दा तर मोजून खोडता येतो. ‘फक्त फुल एचडी’ हा शेरा पिक्सेल मोजतो, इंच विसरतो. एस२५ ची २३४० गुणिले १०८० ची स्क्रीन इंचाला सुमारे ४१६ पिक्सेल देते. तीच संख्या ६.७ इंचांवर पसरली, तर ३८५ होते. निरोगी डोळा एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या कोनाइतका तपशील वेगळा ओळखतो. फोन ३० सेंमीवर धरला, तर त्यासाठी इंचाला सुमारे २९० पिक्सेल पुरतात आणि २५ सेंमीवर ३५० लागतात. अशा फोनांच्या ओएलईडी प्रकारच्या स्क्रीनमध्ये लाल आणि निळे ठिपके हिरव्यांच्या निम्मे असतात, त्यामुळे थोडं मार्जिन हवं हे मान्य. तरी ४१६ मध्ये ते आहे. देवनागरीत हे तपासायचं असेल तर ‘द्ध’, ‘ङ्क’, ‘ष्ट्र’ अशी जोडाक्षरं बारीक अक्षरात उघडा आणि कडा बघा. त्या दातेरी दिसत नाहीत. आणि मोठ्या गॅलेक्सी अल्ट्रा फोनांची स्क्रीन भले १४४० पिक्सेलची असो, गेली काही वर्षं ते खोक्यातून निघतात तेव्हा सेटिंग फुल एचडी प्लसवरच असतं. बहुतेक मालक ते कधी बदलत नाहीत.

उजेडाच्या बाबतीत एस२५ आणि अल्ट्रा या दोघांचा जाहीर कमाल आकडा एकच आहे, २६०० निट्स. १ ते १२० हर्ट्झ बदलता रिफ्रेश रेटही (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा) २०२४ च्या एस२४ पासून लहान मॉडेलला मिळाला. एस२३ मध्ये तो ४८ च्या खाली जात नव्हता, तेव्हाची तक्रार रास्त होती. जो खरा फरक उरतो त्याबद्दल फॉरवर्ड अवाक्षर काढत नाही. अल्ट्राच्या काचेवर परावर्तन मारणारा थर आहे, एस२५ च्या काचेवर नाही. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात दोन्ही फोन शेजारी धरले तर लहान फोनमध्ये आपला चेहरा जास्त दिसतो. हा थर लहान काचेवरही बसू शकतो. ग्राहकांनी बोंब मारायची असेल तर या मुद्द्यावर मारावी.

‘तापतो आणि मंदावतो’ हा आरोप अर्धा खरा आहे, म्हणून त्याला जरा वेळ देतो. प्रोसेसर तोच आहे: एस२५ आणि अल्ट्रा दोघांत स्नॅपड्रॅगन ८ एलिटची गॅलेक्सीसाठीची आवृत्ती, ४.४७ गिगाहर्ट्झपर्यंत. उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः पुढच्या-मागच्या पृष्ठभागातून आणि लहान फोनचा तो पृष्ठभाग सुमारे १८ टक्क्यांनी कमी. म्हणजे हाताला तितकंच गरम लागू द्यायचं असेल, तर सलग कामात लहान फोनने साधारण तितकी कमी वीज वापरायला हवी. इथपर्यंत भौतिकशास्त्र फॉरवर्डच्या बाजूने. पण वीज १८ टक्क्यांनी कमी म्हणजे वेग १८ टक्क्यांनी कमी, असं होत नाही. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरच्या टोकाचा वेग गाठायला व्होल्टेज चढवावं लागतं, म्हणून शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो. तो सोडून दिला की वीज भराभर वाचते आणि वेग त्या मानाने थोडाच जातो.

आणि हे सगळं सलग ताणाबद्दल. आपण फोनवर करतो ती बहुतेक कामं सेकंदा-दोन सेकंदांची असतात: ॲप उघडणं, फोटो काढणं, यूपीआयने पैसे पाठवणं, नकाशा सरकवणं. तेवढ्यात फोन तापायला वेळच मिळत नाही आणि दोन्ही फोन सारखेच पळतात. ज्याला रोज तास-दीड तास बीजीएमआयसारखा जड गेम सर्वात वरच्या ग्राफिक्सवर खेळायचा आहे, त्याने मोठाच फोन घ्यावा. त्या एका माणसाची गरज सगळ्यांच्या गळ्यात बांधू नये.

कॅमेऱ्यांबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण इथे आकार निर्णायक नसल्याचे पुरावे बाजारातच आहेत. २०२४ च्या पिक्सेल ९ प्रो मध्ये, ६.३ इंचांत, त्याच्या मोठ्या आवृत्तीचे, ९ प्रो एक्सएलचेच तिन्ही मागचे कॅमेरे आहेत. आयफोन १५ प्रो ला ३ पट झूम आणि मोठ्या प्रो मॅक्सला ५ पट होता. पुढच्याच वर्षी १६ प्रो ला ५ पट मिळाला. उलट वनप्लस १३एस मध्ये अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य टिपणारा कॅमेरा) नाहीच आणि वायरलेस चार्जिंगही नाही. लग्नाच्या मांडवात सगळं गोत एका फोटोत घ्यायची सवय असेल तर हा फोन तुमचा नाही. पण ही १३एसची उणीव आहे, सगळ्या लहान फोनांची नाही.

राहिलं ‘कुणी घेत नाही’. ॲपलने १३ मिनीनंतर मिनी बंद केला आणि २०२२ ला त्या जागी प्लस आणला, हे खरं. आसूसने झेनफोन १० नंतर थेट ६.७८ इंची ११ अल्ट्रा काढला, हेही खरं. पण मिनी ५.४ इंचांचा होता, झेनफोन ५.९ चा. त्यांच्या अपयशावरून ६.२-६.३ इंचांच्या फोनांचा निकाल लावता येत नाही. त्या मापात २०२५ या एकाच वर्षी भारतात एस२५, शाओमी १५, वनप्लस १३एस आणि विवो एक्स२०० एफई आले. यातला शेवटचा ६.३१ इंच, १८६ ग्रॅम आणि ६५०० एमएएचचा आहे, म्हणजे बॅटरी एस२५ अल्ट्राहून दीड हजाराने जास्त आणि वजन बत्तीस ग्रॅमने कमी. हा फोन नेमका कुठे ‘अर्धा’ आहे, ते फॉरवर्ड पाठवणाऱ्याने आकड्यांत दाखवावं.