आमचा दुतोंड्या

गंगापूर रोडवरच्या एका नर्सरीतून मी नऊशे रुपयांना तीन खडे आणले. पुष्कराज नाही, नीलम नाही; करडे, मध्ये चीर पडलेले खडे. आईने कुंडीत डोकावून विचारलं, "कोणी सांगितले रे? शनी आहे का तुला?"

"आई, ही झाडं आहेत."

तिने बायकोकडे पाहिलं. बायकोने हात वर केले.

लिथॉप्स हे यांचं नाव. ग्रीकमध्ये अर्थ होतो दगडासारखं तोंड असलेला, म्हणजे दगडतोंड्या. मूळ गाव दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया. १८११ साली बर्चेल नावाच्या इंग्रजाने तिकडच्या माळावर गमतीदार खडा दिसला म्हणून उचलला, तर ते झाड निघालं. त्याला निदान फुकट मिळालं. दोन जाड पानं आणि मधे चीर, एवढाच काय तो संसार. एका धडाला दोन तोंडं म्हटल्यावर नाशिककराला दुसरं नाव सुचणार कुठलं? गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीरायाची मनोमन क्षमा मागून मी त्यांना दुतोंडे म्हणू लागलो.

नर्सरीवाल्याने पथ्य एकच सांगितलं होतं: पाणी घालायचं नाही. कडक उन्हाळ्यात हे झोपतात, तेव्हा नको. थंडी सरताना चिरेतून नवी जोडी वर येते, ती जुन्या पानांतलं पाणी पिऊनच वाढते, तेव्हा तर थेंबही नको. पावसाळ्यात हवाच ओली. उरलेल्या दिवसांत क्वचित घातलं तर चालेल, विसरलात तर उत्तम.

आणि हे पथ्य कुठे पाळायचं? जिथे कुरिअरवाल्यालाही सही करण्याआधी पाणी विचारतात, त्या घरात. सकाळी तुळशीला तांब्या, त्यातलं उरलेलं गवती चहाला, आंबट झालेलं ताक कढीपत्त्याला, असा आईचा क्रम. कोरडी माती दिसली की तिच्याच घशाला कोरड पडते.

पहिला दुतोंड्या आषाढात गेला. नर्मदेतला गोटा जन्मभर पाण्यात राहून आतून कोरडा. याचं बरोबर उलटं, बाहेरून दगड आणि आत सगळं पाणी. आईच्या तांब्याने तो आठवडाभर टम्म फुगला आणि एका सकाळी उकलला. निफाडहून आतेभाऊ आला होता, द्राक्षबागायतदार. चष्मा कपाळावर चढवून त्याने पंचनामा केला. "मणी तडकलाय. पाणी जास्त झालं." मग अत्यंत गंभीरपणे, "विमा काढला होतास?"

दुसऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. दिवाळीच्या साफसफाईत मावशींनी कुंडीतले सगळे खडे काढून स्वच्छ धुतले आणि पुन्हा नीट मांडून ठेवले. त्यात हा उलटा मांडला गेला. त्यांना काय बोलणार? मला स्वतःलाच पंधरा दिवसांनी कळलं.

तिसऱ्यासाठी मात्र पाटी लावली: पाणी घालू नये. जानेवारीत त्याच्या अंगावर सुरकुत्या पडल्या.

"अरे, तोंड किती सुकलंय बिचाऱ्याचं," आई.

"दोन्ही," मी म्हटलं.

पण चिरेतून नवी जोडी डोकावत होती. मी रोज भिंग घेऊन बघायचो. बायको म्हणाली, "अहो, पोरांच्या दातांना इतकं बघितलं नव्हतं."

नेमकं चार दिवस पुण्याला जावं लागलं. निघताना आईला देवासमोर उभं करून वचन घेतलं. रोज रात्री फोन. "पाणी?" "एक थेंब नाही. शब्द दिलाय ना?"

परत आलो तर पाटी जागेवर, आणि दुतोंड्याभोवतीची माती पांढरट. वासही ओळखीचा येत होता.

"आई!"

"ओरडू नकोस. पाणी नको म्हणाला होतास, पाण्याला मी हात नाही लावला," आई शांतपणे म्हणाली. "ऊन वाढलंय म्हणून थोडं ताक घातलं. पोटाला थंड असतं."