अरबी घोडी विकायचीय? मग टेस्ट अजिबात करू नका

तर पात्रांव, तुमच्याकडे अरबी घोडी आहे, विकायचीय किंवा फळवायचीय, आणि कोणीतरी शहाणा येऊन सांगतोय की आधी आनुवंशिक आजारांची डीएनए टेस्ट करून घ्या. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. टेस्ट केली की कळतं, कळलं की गिऱ्हाईकाला सांगावं लागतं, सगळी भानगड तिथेच आहे. माहीतच नसेल तर लपवलं कुठे?

पोराच्या लग्नात आपण 36 गुण बघतो, एकनाड निघाली तर सोन्यासारखं स्थळ मोडतो, पण घोड्याचं काय एवढं, रंग बघायचा, मानेचा बाक बघायचा, शेपूट उचलून चालतो का बघायचं आणि द्यायची जोडी लावून. दोघंही देखणे आणि दोघंही स्किड या जीवघेण्या आनुवंशिक आजाराचे कॅरियर, म्हणजे बिघडलेला जीन अंगात बाळगणारे, निघाले तर शिंगरू आजारी जन्मायची शक्यता 25 टक्के, आणि ती दर खेपेला नव्याने. तुम्ही आपलं सांगायचं, आधीची तिन्ही बघा कशी ठणठणीत आहेत.

विकायचं टायमिंग मात्र सांभाळा हां. स्किडच्या शिंगराच्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशीच नीट तयार होत नाहीत, पण जन्मल्यावर काही दिसत नाही कारण आईच्या चिकातून मिळालेल्या अँटीबॉडीवर ते पहिले काही आठवडे मस्त उड्या मारतं. तेवढ्यात व्हिडिओ काढा, टोकन घ्या. अँटीबॉडी संपल्या की न्यूमोनिया वगैरे सुरू होतो आणि साधारण पाच महिन्यांच्या आत खेळ आटोपतो. मे महिन्यातलं शिंगरू असेल तर उत्तमच, जुलैत खोकायला लागलं की गोव्याच्या पावसावर ढकलता येतं, पाऊस काय कोर्टात जातोय थोडाच.

सीए नावाचा दुसरा आनुवंशिक आजार असेल तर मान थरथरते, पाय फाकून उभं राहतं, तोल जातो, कारण मेंदूमागच्या लहान मेंदूतल्या पेशी मरत जातात. सांगा नाचरं आहे, वरातीला चालेल. आणि लॅव्हेंडर फोल हा तिसरा तसलाच आजार? चंदेरी जांभळट रंग, पण उठून उभंच राहता येत नाही, झटके येतात, काही दिवसांत जातं. रेअर कलर म्हणून लगेच इन्स्टावर टाका, उद्यापर्यंत थांबू नका.

कोणी फारच मागे लागलं तर सँपल पाठवा, पण केस कात्रीने कापून. आयाळीचे किंवा शेपटीचे केस मुळासकट उपटून द्यावे लागतात, डीएनए मुळात असतो, त्यामुळे कापलेल्या झुबक्यावर लॅबवाले काहीच सांगू शकणार नाहीत आणि तुम्ही मात्र पाठवलं म्हणायला मोकळे. शेपटीवर धंदा करायची आपली परंपरा जुनीच आहे म्हणा. फेर्नाव नुनीझ नावाच्या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की विजयनगरचा राजा समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी जिवंत घोड्याचे पैसे द्यायचा. आता राजे राहिले नाहीत, गिऱ्हाईक शेपटी बघून उलट रिपोर्ट मागतं. स्किडचा जीनमधला बिघाड 1997 पासून ठाऊक आहे, म्हणजे त्यालाही वाचायला भरपूर वेळ मिळालाय. एवढीच भीती असेल तर त्याला म्हणावं शिमग्यातला घोडेमोडणीचा घोडा घे, कमरेला बांध आणि नाच, त्यात जीनच नाहीत.

एक गोष्ट मात्र गिऱ्हाईकाला चुकूनही कळू देऊ नका. कॅरियर घोडी स्वतः आजारी नसते, आयुष्यभर नीट पळते, आणि क्लिअर, म्हणजे तो जीन नसलेल्या, नराशी लावली तर त्या आजाराचं एकही शिंगरू होत नाही, फार तर साधारण निम्म्यांत तो जीन पुढे जातो. म्हणजे घोडी फेकायची पण गरज नाही, फक्त नर बघून निवडायचा. हे कळलं तर तो रिपोर्ट बघेल, मान डोलावेल, ठरलेले पैसे मोजेल आणि घोडी घेऊन जाईल, वर पुढच्या वर्षी मित्रालाही तुमच्याकडेच पाठवेल. असला सरळ धंदा करून म्हापशात तोंड कुठे दाखवणार तुम्ही?