अर्धा तोळा स्पर्श

बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर मी २२ वर्षे काढली असल्यामुळे ५ ग्रॅम म्हणजे किती, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. सराफी हिशेबात तो अर्धा तोळा. तरीही, "काका, मी फक्त पाच ग्रॅम वजनाने स्पर्श करणार आहे," असे त्या उपचारक मुलीने सांगितले, तेव्हा मी मनातल्या मनात तिच्या शुल्काला पाचाने भागले. भागाकार सोन्याच्या भावापेक्षा बराच कमी आला, म्हणून गप्प राहिलो.

निवृत्तीनंतर मी चिडचिडा झालो आहे, असा ठराव घरात माझे एक मत वगळता संमत झाला होता आणि त्यावर उपाय म्हणून सौभाग्यवतींनी वाढदिवसाला क्रेनिओसेक्रल थेरपीचा, म्हणजे डोक्याला आणि मणक्याला अगदी हलक्या स्पर्शाने करायच्या उपचाराचा, एक तास भेट दिला होता. विल्यम सदरलँड या अमेरिकन ऑस्टिओपॅथला, म्हणजे हाडे-स्नायू हातांनी हाताळून उपचार करणाऱ्याला, विद्यार्थिदशेत कवटीची हाडे पाहून माशाचे कल्ले आठवले आणि ती हलत असावीत असे वाटले. त्या विचारावर १९७०च्या दशकात जॉन अपलेजर यांनी ही पद्धत उभी केली. मेंदू आणि मणक्याभोवतीच्या द्रवाला मिनिटाला ६ ते १२ ठोक्यांची लय असते आणि ती हाताला कळते, असे या मंडळींचे म्हणणे. मात्र एकाच माणसाची लय दोन उपचारकांना मोजायला लावली, तेव्हा त्यांचे आकडे जुळले नाहीत. आमच्याकडे दोन मूल्यांककांचे असे झाले असते, तर चौकशी लागली असती.

कपडे उतरवावे लागत नाहीत, हे कळल्यावर मला धीर आला होता. पण बूट उतरवावे लागतात, हे कोणी बोलले नव्हते. त्या मंद उजेडाच्या खोलीत माझ्या डाव्या मोज्यातून डोकावणारा अंगठा हीच सर्वांत ठळक वस्तू होती. तो मी उजव्या पायाखाली दडपला.

"पाय मोकळे ठेवा, काका. आता हात सैल सोडा."

मी सोडला. तिने तो मनगटाखाली धरून अलगद उचलला, आपला हात हळूच काढून घेतला आणि माझा हात, वार्षिक सभेत प्रश्न विचारायला वर करावा, तसा हवेतच राहिला.

"तुम्ही धरून ठेवलाय तो."

"मी नाही धरलेला," मी म्हणालो, आणि ते खरेच होते. दुसऱ्या खेपेला मी खबरदारी म्हणून तो धाडकन खाली आणला.

"हा तुम्ही टाकलात. टाकायचा नाही, सोडायचा."

आमच्या पिढीची स्पर्शाची कल्पना नरक चतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसून तयार झालेली आहे. आजी खरखरीत उटण्याने पाठ अशी घासायची, की वर्षभराचे गुन्हे कबूल करावेसे वाटत. त्यातून आम्हाला माया कळली, पण सैल सुटायला कोणी शिकवले नाही.

"काहींना रडू येतं. आलं तर येऊ द्या," ती म्हणाली. पैसे भरलेले असल्यामुळे मी प्रामाणिक प्रयत्न केला; पण डोळ्यांसमोर कोपऱ्यावर उभी केलेली स्कूटर आणि ती उचलून नेणारा टेम्पो यांखेरीज काही येईना. एवढ्यात पोट गुरगुरले. "छान, शरीर सैल होतंय," असे ती म्हणाली. सकाळचे पोहे हुकले होते, हे मी सांगितले नाही.

शेवटी तिने दोन्ही तळवे माझ्या मानेखाली, कवटीच्या कडेशी ठेवले. माणसाचे डोके साधारण ४ ते ५ किलोचे असते, आणि एवढा ऐवज पावती न घेता दुसऱ्याच्या हाती देण्याची मला सवय नाही. पण ते तळवे काहीच मागत नव्हते, काही घासत नव्हते. केव्हातरी मी मान सोडली असावी, कारण त्यानंतरचे मला आठवते ते एवढेच, की कोणाच्या तरी घोरण्याने दचकून मी जागा झालो.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट ठेवून ५ ग्रॅमचा सराव करून पाहिला. काटा आधी ८६ दाखवी, मग ४०, मग श्वास रोखल्यावर ११. अर्ध्या तासाने तो आकडा एकदाचा साधला, तेव्हा त्याच बोटांनी मी मोठ्या विश्वासाने सौभाग्यवतींच्या कपाळाला स्पर्श केला.

त्यांनी डोळे न उघडता हात झटकला आणि म्हणाल्या, "अहो, खिडकी लावा. माशी आलीय."